१०४ अंशांचा मेल्टिंग पॉइंट का येत नाही? डायमेथॉक्सीबेन्झीनच्या अल्किलेशनमधली नेहमीची अडचण

तक्रार दरवर्षी तीच असते. गाळणकागदावर पांढरेशुभ्र स्फटिक यायला हवेत, त्याऐवजी पिवळसर, बोटाला चिकटणारा लगदा येतो. वाळवून मेल्टिंग पॉइंट घेतला तर पुस्तकातले १०४–१०५ अंश काही केल्या मिळत नाहीत. नव्वदीतच कॅपिलरीत (माल भरलेल्या बारीक काचेच्या नळीत) घाम फुटावा तसा ओलावा दिसतो आणि शंभरीच्या आसपास सगळं कसंबसं वितळतं. मग मुलं मेथेनॉलमधून रिक्रिस्टलायझेशन करतात, म्हणजे गरम मेथेनॉलमध्ये विरघळवून पुन्हा स्फटिक काढतात. मेल्टिंग पॉइंट थोडा वर सरकला की हुरूप येतो, पुन्हा एकदा करतात. शेवटी आकडा बरा येतो, पण वॉच ग्लासवर उरतो तो चिमूटभर माल.

डायमेथॉक्सीबेन्झीनच्या रिंगवर दोन टर्शरी ब्युटिल गट बसवण्याचं (यालाच अल्किलेशन म्हणतात) हे प्रॅक्टिकल मी बरीच वर्षं घेते आहे, आणि माझं ठाम मत झालंय की चूक जिथे शोधली जाते तिथे ती नसतेच. रिक्रिस्टलायझेशन हा शेवटचा टप्पा, म्हणून सगळे त्यालाच दोष देतात. खरी गडबड त्याच्या अर्धा तास आधी, बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये होऊन गेलेली असते. फ्लास्कमध्ये एक घन पदार्थ आणि तीन द्रव असतात, नंतर पाणी आणि मेथेनॉल येतं. यातल्या प्रत्येकाला नेमकं एक काम दिलेलं आहे. ते काम झालं नाही तर मालावर त्याची खूण राहते. खूण ओळखता आली तर पुढच्या वेळी काय बदलायचं हे लगेच कळतं.

आधी आकडे समोर ठेवू. १.५ ग्रॅम १,४-डायमेथॉक्सीबेन्झीन, २.५ मिली टर्शरी ब्युटेनॉल, ५ मिली ग्लेशियल (म्हणजे पाणी न मिसळलेलं) ॲसिटिक ॲसिड. हे तिन्ही कोनिकल फ्लास्कमध्ये घेऊन बर्फाच्या पाण्यात शून्य ते तीन अंशांपर्यंत थंड करायचं. मग ५ मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबानं, फ्लास्क हलवत हलवत घालायचं. ॲसिड संपल्यावर फ्लास्क बर्फातून काढून वीस ते पंचवीस अंशांवर पाच-दहा मिनिटं हलवायचा. नंतर बर्फाचे तुकडे आणि पाणी घालायचं, गाळायचं, पाण्यानं धुवायचं, थंड मेथेनॉलनं धुवायचं आणि मेथेनॉलमधूनच स्फटिक काढायचे. मिळतं ते १,४-डाय-टर्शरी-ब्युटिल-२,५-डायमेथॉक्सीबेन्झीन. १.५ ग्रॅम म्हणजे १०.९ मिलिमोल, त्यामुळे सगळं जसंच्या तसं मिळालं तर २.७२ ग्रॅम माल यायला हवा.

रिंगवर अल्किल गट बसवण्याच्या या अभिक्रियेला फ्रीडेल-क्राफ्ट्स अल्किलेशन म्हणतात. "मॅडम, फ्रीडेल-क्राफ्ट्स म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराइड ना?" हा प्रश्न हमखास येतो. शार्ल फ्रीडेल आणि जेम्स मेसन क्राफ्ट्स यांनी पॅरिसमध्ये १८७७ साली ही अभिक्रिया दाखवली ती ॲल्युमिनियम क्लोराइड आणि अल्किल क्लोराइड वापरूनच. पण ॲल्युमिनियम क्लोराइडचं काम कार्बनवरचं क्लोरीन ओढून घेण्याचं. आपल्याकडे क्लोराइड नाही, अल्कोहोल आहे, आणि अल्कोहोलमधून पाणी काढायला प्रोटॉन पुरतो. शिवाय आपल्या रिंगवर दोन मेथॉक्सी गट आहेत. ॲल्युमिनियम क्लोराइड त्यांच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतं, रिंगची ताकद कमी करतं आणि जास्त वेळ राहिलं तर मेथॉक्सीतला मेथिल गटही तोडू शकतं. म्हणून इथे सल्फ्युरिक ॲसिड. पावसाळ्यात ॲल्युमिनियम क्लोराइडची बाटली उघडून ज्यांनी पांढरा धूर पाहिला आहे त्यांना यातला आणखी एक फायदा सांगायला नको.

आता रिंगकडे पाहू, कारण अर्धवट माल म्हणजे नेमकं काय हे कळल्याशिवाय खुणा वाचता येत नाहीत.

सल्फ्युरिक ॲसिड टर्शरी ब्युटेनॉलच्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं, पाणी सुटतं आणि टर्शरी ब्युटिल कार्बोकॅटायन (कार्बनवर धनभार असलेला आयन) उरतो. तो आधीच टर्शरी, म्हणजे स्थिर. नॉर्मल प्रोपिल क्लोराइड घेतलं तर साखळी आतल्या आत फिरते आणि आयसोप्रोपिल गट चिकटलेला सापडतो, तसली भानगड इथे नाही. मेथॉक्सी गटांमुळे रिंग इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते, ती या कॅटायनवर झडप घालते. पहिला टर्शरी ब्युटिल गट कुठेही बसला तरी फरक पडत नाही, रिंगवरच्या चारही मोकळ्या जागा सारख्याच आहेत. त्या जागेला २ म्हणू.

दुसरा गट कुठे बसतो ते समजून घेण्यासारखं आहे. उरल्या जागा ३, ५ आणि ६. तिसरी जागा पहिल्या अवजड गटाच्या अगदी शेजारी, म्हणून बाद. सहावी जागा दिसायला मोकळी आहे, पण १ वरचा मेथॉक्सी गट शेजारच्या टर्शरी ब्युटिलच्या धक्क्यामुळे आपला मेथिल तिकडून वळवून ६ च्या बाजूला करून बसलेला असतो. ५ च्या शेजारचा मेथॉक्सी मात्र आपला मेथिल ३ च्या बाजूला वळवू शकतो, तिथे जागा आहे. वर ५ ही पहिल्या अल्किल गटाच्या बरोबर समोरची जागा, म्हणजे त्या गटाचाही तिला आधार. त्यामुळे दुसरा गट ५ वरच जातो आणि नंतर तिसऱ्याला शिरायला वावच राहत नाही. कागदावर हा रेणू काढून मेथिल गट कुठे वळतील ते पेन्सिलीनं दाखवा, दोन मिनिटांत पटतं. (याच गर्दीमुळे हा पदार्थ लिथियम आयर्न फॉस्फेट सेलमध्ये ओव्हरचार्ज रोखणारा रेडॉक्स शटल, म्हणजे जादा चार्ज इलेक्ट्रॉन देत-घेत वाहून नेणारा रेणू, म्हणून अभ्यासला गेला. लिथियमच्या तुलनेत सुमारे ३.९ व्होल्टला तो इलेक्ट्रॉन देतो आणि दोन अवजड गट इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या रॅडिकल कॅटायनला सांभाळतात. प्रॅक्टिकलच्या पदार्थाला बाहेरच्या जगात असं काम मिळालेलं पाहिलं की मला खूप बरं वाटतं.)

तेव्हा अर्धवट माल म्हणजे बहुतेक वेळा एकच गट बसलेला मोनो पदार्थ, सोबत थोडं न बदललेलं डायमेथॉक्सीबेन्झीन. डायमेथॉक्सीबेन्झीनचा स्वतःचा मेल्टिंग पॉइंट ५५ अंशांच्या आसपास आहे. ते थोडं जरी मिसळलेलं राहिलं तरी १०४ चा आकडा खाली खेचतं आणि वितळण्याचा पट्टा रुंद करतं. वाळलेल्या मालाला गोडसर, फुलासारखा वास येत असेल तर तो त्याचाच.

आता खुणा.

माल कमी आणि मेल्टिंग पॉइंटही खाली, पण रंग पांढरा

इथे सगळ्यात आधी टर्शरी ब्युटेनॉलवर संशय घ्यावा. याचं काम एकच, टर्शरी ब्युटिल गट पुरवणं. एका रिंगला दोन गट लागतात. १०.९ मिलिमोलला किमान २१.७ मिलिमोल, म्हणजे जवळपास २.०६ मिली. आपण घेतो २.५ मिली, म्हणजे २६ मिलिमोल. हाताशी जास्तीचं अर्धा मिलीसुद्धा नाही, आणि त्यातला काही भाग आयसोब्युटिलीन होऊन उडूनही जातो.

टर्शरी ब्युटेनॉल २५ अंशांना गोठतं. डिसेंबरमध्ये आमच्या प्रयोगशाळेत सकाळी आठच्या बॅचला सतरा-अठरा अंश असतात. एका वर्षी सकाळच्या सगळ्या टेबलांवर माल कमी आणि दुपारच्या बॅचला मात्र चांगला, असं सलग दोन आठवडे झालं. बाटली तीच, ॲसिड तेच. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी नुसती उभी राहून पाहिलं. एका मुलीनं मेजरिंग सिलिंडरमध्ये बरोबर अडीच मिली घेतलं, सिलिंडर हातात धरून ती मैत्रिणीचं वजन होईपर्यंत थांबली, मग फ्लास्कमध्ये उपडं केलं. सिलिंडरच्या तळाशी आणि आतल्या भिंतीवर पांढरी साय धरली होती. तिनं ते पाहिलंही, पण वाटलं काच धुरकट आहे. मी तो सिलिंडर कोमट पाण्यात धरायला सांगितला. साय वितळून तळाशी जमलं ते जवळपास अर्धा मिली होतं. तिच्या फ्लास्कमधल्या रिंगांना दुसरा गट मिळणार कुठून?

उपाय सोपा. बाटली झाकण घट्ट लावून कोमट पाण्याच्या बादलीत पूर्ण वितळेपर्यंत ठेवा. बर्नर किंवा हॉट प्लेट नको, हे अल्कोहोल खोलीच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ देतं. सिलिंडरही कोमट करून पूर्ण कोरडा घ्या. मोजल्यावर लगेच ओता, आणि ठरलेल्या पाच मिलीतल्याच थोड्या ॲसिटिक ॲसिडनं सिलिंडर विसळून तेही फ्लास्कमध्येच घाला. आमच्या सकाळच्या बॅचेस यानंतर सुधारल्या. अर्धी गोठलेली बाटली असेल तर वरचा द्रव ओतून घेऊ नये, कारण ओलावा त्या द्रवात जमा झालेला असतो. फरक लहानच, पण टाळणं हातात आहे.

लेबलही नीट वाचा. नॉर्मल ब्युटेनॉलची बाटली शेजारीच असते. प्रायमरी अल्कोहोल इतक्या थंडीत कॅटायन देत नाही. मालाऐवजी सुरुवातीचा पदार्थच परत मिळाला तर आधी बाटली तपासा.

ॲसिड घालूनही फ्लास्कमध्ये घन पदार्थ दिसत नाही

नीट चाललं असेल तर ॲसिड निम्म्याहून जास्त गेल्यावर फ्लास्कमध्येच माल वेगळा व्हायला लागतो. तो दिसलाच नाही तर पाणी शिरलंय असं समजा.

सल्फ्युरिक ॲसिडला आपण उत्प्रेरक म्हणतो, जर्नलमध्येही तसंच लिहितो. मग पाच मिली कशाला? पाच मिली म्हणजे सुमारे ९२ मिलिमोल, रिंगच्या आठपटीहून जास्त. कारण त्याच्यावर दोन कामं आहेत. अल्कोहोलला प्रोटॉन देणं हे एक, आणि सुटलेलं पाणी धरून ठेवणं हे दुसरं. पाणी मोकळं राहिलं तर कार्बोकॅटायन पुन्हा त्यालाच धरून अल्कोहोल होतो. सगळं अल्कोहोल वापरलं गेलं तरी अभिक्रियेतून सुटणारं पाणी २६ मिलिमोल, म्हणजे अर्धा मिलीहून कमी. तेवढं हे ॲसिड सहज पेलतं. पण धुऊन न वाळवलेल्या फ्लास्कच्या तळाशी एक मिली पाणी राहिलं असेल तर ते एकटंच ५५ मिलिमोल! हा हिशेब फळ्यावर मांडल्यापासून माझ्या बॅचमध्ये ओले फ्लास्क येणं जवळपास थांबलं.

म्हणून फ्लास्क ओव्हनमध्ये वाळवून, थंड करून घ्या. बर्फाचं पाणी फ्लास्कच्या गळ्यापर्यंत भरू नका, हलवताना उडून आत जातं. ॲसिडची बाटली वर्षभर सैल झाकणानं पडून असेल, विशेषतः पावसाळा त्यात गेला असेल, तर नवी उघडा. हे ॲसिड हवेतला ओलावा ओढत राहतं आणि बाहेरून काही कळत नाही.

घट्ट, चिकट, तपकिरी माल

हे तापमानाचं काम. ॲसिड एकदम ओतलं गेलं, किंवा फ्लास्क न हलवता थेंब सोडले आणि जड ॲसिड तळाशी साचलं. मग हलवल्याबरोबर सगळं एकदम तापतं. तापलेल्या मिश्रणात टर्शरी ब्युटिल कॅटायन प्रोटॉन सोडून आयसोब्युटिलीन होतो. उणे सात अंशांना उकळणारा हा वायू थोडा उडून जातो आणि उरलेला ॲसिडमध्ये एकमेकांना जोडून तेलकट पदार्थ बनवतो. चिकटपणा त्या तेलाचा असतो. दुसरीकडे रिंगवर सल्फोनिक गट बसू लागतो. तो पदार्थ पाण्यात विरघळणारा, म्हणजे गाळताना तुमचा माल थेट सिंककडे निघाला.

पाच मिलीला सहा-सात मिनिटं लागू द्या. एकानं फ्लास्क सतत फिरवायचा, दुसऱ्यानं थेंब सोडायचे. थर्मामीटर आत ठेवायला जागा नसेल तर निदान बर्फ पुरेसा घ्या.

याच्या उलटी चूकही मी पाहते. घाबरून मुलं शेवटपर्यंत फ्लास्क बर्फातच ठेवतात. दुसरा गट बसायला पहिल्यापेक्षा वेळ लागतो, थंडीत तो अर्धवट राहतो. ॲसिड संपल्यावरची वीस-पंचवीस अंशांवरची ती पाच-दहा मिनिटं याचसाठी आहेत. हिवाळ्यात खोलीच थंड असते, तेव्हा फ्लास्क कोमट पाण्यात फिरवून तिथपर्यंत आणा.

ॲसिटिक ॲसिड बदलून पाहिलं तर?

हा प्रश्न पोस्ट ग्रॅज्युएशनची मुलं विचारतात आणि तो चांगला आहे. द्रावकाचं काम इथे वाटतं तेवढं निष्क्रिय नाही. डायमेथॉक्सीबेन्झीन विरघळलं पाहिजे, अल्कोहोल विरघळलं पाहिजे, सल्फ्युरिक ॲसिड त्यात मिसळलं पाहिजे आणि द्रावकानं स्वतः मधे पडता कामा नये. हेक्झेनमध्ये ॲसिड मिसळत नाही. टोल्यूइन घेतलं तर अल्किल गट टोल्यूइनवरही बसतील. मेथेनॉल किंवा इथर स्वतःच प्रोटॉन धरतात आणि ॲसिडची धार बोथट करतात. ॲसिटोन तीव्र ॲसिडमध्ये आपापसात जुळत राहतं. ॲसिटिक ॲसिड मात्र या सगळ्यांतून सुटतं. त्यानं कॅटायन धरून एस्टर केलाच तरी एवढ्या ॲसिडमध्ये तो सुटून कॅटायन पुन्हा मोकळा होतो. फक्त बाटली ग्लेशियलच हवी. व्हिनेगरसारखं पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड कुणी भरून ठेवलेलं असेल तर वरचा पाण्याचा हिशेब पुन्हा लागू होतो. हेही १६.६ अंशांना गोठतं, तेव्हा थंडीत याचीही बाटली पाहून घ्या.

कारखान्यात हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीनं सोडवतात. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला डिटर्जंटसाठी लिनियर अल्किल बेन्झीन तयार होतं. त्या प्रक्रियेत बेन्झीन गरजेपेक्षा खूप जास्त घेतात. तिथे रिंगवर एकच साखळी हवी असते, आणि आजूबाजूला कोऱ्या रिंगा भरपूर असल्या की एकाच रिंगला दुसरी साखळी मिळण्याचा संभव घटतो. बेन्झीनच अभिकारक आणि बेन्झीनच द्रावक. आपल्याला दोन गट हवेत म्हणून अल्कोहोल जास्त, त्यांना एक हवा म्हणून रिंग जास्त.

पाणी आणि मेथेनॉल

बर्फाचे तुकडे आधी, पाणी नंतर, आणि थोडं थोडं. पाणी ॲसिड पातळ करून अभिक्रिया थांबवतं, दोन्ही ॲसिडं स्वतःत घेतं आणि माल बाहेर टाकतं. मालाचे गोळे होतात, ते काचेच्या कांडीनं फोडा. आत ॲसिड अडकून राहिलं की माल वाळतच नाही, दोन दिवसांनीही आंबूस वास येतो. गाळून आलेलं धुण्याचं पाणी निळ्या लिटमसला लाल करेनासं होईपर्यंत धुवा.

मेथेनॉल बर्फात ठेवून थंड केलेलं हवं. मोनो पदार्थ, उरलेलं डायमेथॉक्सीबेन्झीन आणि ते तेल थंड मेथेनॉलमध्ये विरघळतात, आपला माल फारच थोडा विरघळतो. दोन-दोन मिलीनं दोनदा, पंप बंद करून माल भिजू द्यायचा आणि मग ओढायचं. कोमट मेथेनॉलनं धुतलं की चांगला मालही जातो. पुढे रिक्रिस्टलायझेशनला मेथेनॉल उकळत्या वॉटर बाथवर, माल जेमतेम विरघळेल इतकंच. मेथेनॉल ६५ अंशांना उकळतं आणि शुद्ध माल १०४ ला वितळतो, त्यामुळे गरम मेथेनॉलच्या तळाशी तेलाचा थेंब दिसला तर माल अजून मळलेला आहे असं खुशाल समजा.

शंका उरली तर टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) करा. हेक्झेनमध्ये थोडं इथिल ॲसिटेट, शेजारी सुरुवातीच्या डायमेथॉक्सीबेन्झीनचा ठिपका, यूव्ही दिव्याखाली पाहा. माल त्याच्या पुढे धावतो. मधे आणखी एक ठिपका असेल तर तो मोनो, आणि मग टर्शरी ब्युटेनॉलच्या मोजमापापासून तपासणी सुरू करा. एकच ठिपका असूनही मेल्टिंग पॉइंट खाली येत असेल तर माल ओला आहे. फिल्टर पेपरमध्ये दाबून रात्रभर हवेत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

हातातला माल आधीच बिघडलेला असेल तर एकदा थंड मेथेनॉलनं धुऊन, एकदाच रिक्रिस्टलाइझ करून जे मिळेल ते वजन आणि तोच मेल्टिंग पॉइंट जर्नलमध्ये लिहा, शेजारी कारणही लिहा. मी त्याला पूर्ण गुण देते. मेथेनॉलचं धुणं वेगळ्या बाटलीत जमा करा. ॲसिडचं पाणी मोठ्या बीकरमध्ये, फेस वर येऊ न देता, खाण्याचा सोडा चिमटीचिमटीनं घालून उदासीन करा आणि मगच सिंकमध्ये ओता. चष्मा आणि हातमोजे तोवर काढू नका.